परदेशातले पान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

परदेश प्रवासातील खाण्यापिण्याविषयी सोलापूरकर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून जुळे सोलापूर भागात राहतो. आम्ही उभयतांनी एका पर्यटन कंपनीबरोबर युरोपची सहल केली. कंपनीने सोबत स्वयंपाकी दिल्यामुळे पॅरिसपासून रोमपर्यंत रोज वरणभात, पनीर आणि गुलाबजाम मिळाले. हाल काही झाले नाहीत, पण ‘तिकडे काय खाल्ले?’ असे नातवंडे विचारतात तेव्हा सांगण्यासारखे काहीच आठवत नाही. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. जेवण लक्षात राहील असा एखादा देश सुचवाल का?

उत्तर: स्वयंपाकी सोबत नेण्याच्या पद्धतीची मी टिंगल करणार नाही. पहिल्यांदाच देशाबाहेर पडणाऱ्या आणि पोटाला जपणाऱ्या माणसाला तिचा मोठा आधार वाटतो. मात्र त्या आधाराची किंमत कोणती, हे आपल्या पत्रातच आले आहे. आपल्याला मी इथिओपिया सुचवीन. हे नाव काढले की अनेकांना 1984 च्या दुष्काळाची छायाचित्रे आठवतात आणि त्यामुळे त्या देशाच्या स्वयंपाकघराकडे कोणाचे लक्षच जात नाही. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान जाते, ही सोय बहुतेकांना ठाऊकही नसते.

तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजात बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार आहेत, ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास 55 दिवस चालतो आणि सगळे मिळून सामान्य भाविकाचे उपवास वर्षाला 180 दिवसांच्या वर जातात. या उपवासाला मांस, अंडी, दूध आणि लोणी वर्ज्य असते. डाळी, कडधान्ये, भाज्या आणि तेल चालते. ज्या समाजाला निम्मे वर्ष असे जेवायचे आहे, त्याचा हात डाळी-भाज्यांवर बसला नसता तरच नवल. म्हणून बुधवारी किंवा शुक्रवारी एखाद्या गजबजलेल्या साध्या खानावळीत जावे आणि उपवासाचे ताट, म्हणजे ‘त्सोम बेयानेतु’, मागावे. आपण शाकाहारी म्हणजे नेमके काय, हे कोणाला समजावत बसावे लागत नाही.

ताट येते ते परातीएवढे. त्यावर ‘इंजेरा’ पसरलेला असतो: टेफ नावाच्या, मोहरीहूनही बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून तव्यावर ओतलेला, राखाडी-तपकिरी रंगाचा मोठा थोरला घावन. तो उलटत नाहीत, झाकण ठेवून एकाच बाजूने शिजवतात, त्यामुळे खालची बाजू गुळगुळीत राहते आणि वरच्या बाजूला असंख्य भोके पडतात. याच भोकांत कालवणे मुरतात. त्यावर ढिगाढिगाने वाढलेले असते ते असे: बरबरे या लाल मसाल्यातली मसूर डाळ, हळद घातलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, कोबी-गाजर-बटाटा, पालेभाजी आणि मधोमध ‘शिरो’. हा आपला गोड शिरा नव्हे. हरभऱ्याचे पीठ मसाला घालून रटरटवलेले हे घट्ट कालवण पाहिल्यावर ‘अहो, हे तर पिठलेच!’ असे आमच्या शेजारच्या बाई मराठीत उद्गारल्या होत्या आणि वाढणारी मुलगी काही न कळताही हसली होती.

जेवायचे उजव्या हाताने, आणि सगळ्यांनी एकाच ताटात. यजमान एक घास नीट गुंडाळून पाहुण्याच्या तोंडात भरवतो, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. तो नाकारणे बरे दिसत नाही. उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्या पिढीला पहिला घास जड जाईल, हे मान्य करतो. इंजेराचा आंबटपणाही पहिल्या दिवशी सर्वांना रुचत नाही, तो दुसऱ्या जेवणापासून आवडू लागतो. जेथे टेफ महाग पडतो तेथे ज्वारीचा इंजेराही करतात. भाकरीवर पोसलेल्या सोलापूरकराने मुद्दाम लक्षात ठेवावे असे की, ज्वारी प्रथम शेतीत आली ती आफ्रिकेच्या याच ईशान्य भागात. मंगळवेढ्याच्या मालदांडीचे मूळ माहेर तिकडचे आहे. जेवणानंतर कॉफीला थांबावे. हिरव्या बिया पाहुण्यांसमोर भाजतात, त्यांचा धूर हाताने सर्वांकडे वळवतात, मातीच्या ‘जेबेना’त कॉफी उकळतात आणि एकाच पुडीवर तीन फेऱ्या देतात. सोबत बहुधा मक्याच्या लाह्या असतात. या सगळ्याला तास-दीड तास सहज लागतो, म्हणून त्यानंतरचा कार्यक्रम ठेवू नये. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे 2300 मीटर उंचीवर आहे, तेव्हा पहिला दिवस विश्रांतीचा धरावा.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बँकॉक आणि व्हिएतनामला जाणार आहोत. घरात मी एकटीच शाकाहारी. मैत्रिणी सांगतात की ‘व्हेज’ म्हटले तरी पानात मासळीचा वास येतोच. मी आठवडाभर बिस्किटे आणि फळे यांवर राहायचे का? (गृहिणी, भवानी पेठ)

उत्तर: मैत्रिणींचे म्हणणे खरे आहे, पण त्यात फसवणूक नाही. थायलंडमध्ये मासळीचा आंबवलेला अर्क, ‘नाम प्ला’, मिठाच्या जागी वापरतात. मांसाचे तुकडे वगळले की पदार्थ भाज्यांचा झाला, असे स्वयंपाक्याला प्रामाणिकपणे वाटते. कालवणाच्या वाटणात कोळंबीची पेस्ट आधीच मिसळलेली असते, ती कोणी काढूनही देऊ शकत नाही. म्हणून ‘हे नको, ते नको’ असे सांगत बसण्यापेक्षा तिथल्याच व्रताच्या स्वयंपाकाचा आधार घ्यावा, असे माझे मत आहे.

थायलंडमध्ये चिनी-बौद्ध परंपरेतील या स्वयंपाकाला ‘जे’ म्हणतात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेले दुकान दिसले की निर्धास्त आत जावे. तेथे मांस-मासे-अंडी-दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासातल्या जेवणाशी त्याचे चांगले जमते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव होतो, तो बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात येतो. त्या दिवसांत फुकेत आणि बँकॉकचा यावारात भाग या पताकांनी भरून जातो. आपल्या तारखा त्याच्याशी जुळत असतील, तर ती संधी सोडू नये.

एक पदार्थ मात्र नेहमीच्या गाडीवरच खावा, तो म्हणजे ‘सोम ताम’. कच्च्या पपईचा कीस, लसूण, मिरची, लिंबू, ताडगूळ आणि भाजलेले शेंगदाणे उभ्या उखळात आपल्या डोळ्यांदेखत कुटतात. उखळात काय पडते ते दिसत असल्यामुळे सुकी कोळंबी आणि नाम प्ला यांच्या भांड्यांकडे बोट दाखवून नकाराची मान हलवली तरी काम भागते. दाणे, लसूण आणि मिरची एकत्र कुटल्याचा वास सोलापूरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. मिरची किती हवी ते आधी सांगावे. आपल्याला तिखटाची सवय आहे या भरवशावर राहू नये.

व्हिएतनाममध्ये याच अर्थाचा शब्द ‘चाय’ आहे, आणि तो म्हटल्यावर चहा येत नाही. तेथील अनेक बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात. त्या दिवशी अशा खानावळींत गर्दी असते आणि पदार्थही अधिक असतात.

प्रश्न: अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. दर जानेवारीत फ्रँकफर्टच्या ‘हाइमटेक्स्टिल’ प्रदर्शनाला मी जातो. दिवसभर स्टॉलवर उभे राहायचे आणि रात्री खोलीत कडक भाकरी, शेंगा चटणी खाऊन झोपायचे, असा माझा क्रम आहे. यंदा एका जर्मन ग्राहकाने जेवायला बोलावले आहे. मी शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही.

उत्तर: कडक भाकरीला माझा विरोध नाही, पण ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घरदार सोडून इतक्या लांब जायचे आणि त्या शहराची चवही घ्यायची नाही, हे पटत नाही. ग्राहकाला आमंत्रण स्वीकारतानाच आपण शाकाहारी आहोत हे कळवावे, टेबलावर बसल्यावर नव्हे. अंडी खात नसाल तर तेही स्पष्ट लिहावे, कारण तिकडे शाकाहारात अंडे धरलेले असते.

जागा आपण सुचवू शकत असाल, तर झाक्सनहाउझेन भागातील सफरचंदाच्या वाइनची जुनी खानावळ सुचवावी. लाकडी लांब बाकांवर अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसतात आणि निळ्या नक्षीच्या करड्या सुरईतून खाचा पाडलेल्या पेल्यांत वाइन ओतली जाते. आपण सफरचंदाचा रस सोडा घालून मागावा. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. खायला मागावी ती ‘ग्र्यूने झोसे’, म्हणजे सात कोवळ्या पाल्यांची, आंबट साय किंवा दही घातलेली थंड हिरवी चटणी. सोबत उकडलेले बटाटे येतात. बहुधा उकडलेली अंडीही येतात, ती वगळायला सांगावीत, आणि काही ठिकाणी अंडे चटणीतच कुस्करलेले असते, तेव्हा आधी विचारावे. तिला 2016 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. त्या सातांपैकी एक पाला आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला आहे, आणि जीभ तो लगेच ओळखते. तिचा खरा हंगाम वसंतातला आहे, जानेवारीत ताजी मिळते का ते विचारून घ्यावे. नाही मिळाली तर ‘हांडकेझ’ घ्यावे. हे नासवलेल्या दुधाचे उग्र चीज कच्चा कांदा, व्हिनेगर आणि विलायती जिरे घालून देतात, आणि जुने लोक ते काट्याशिवाय, नुसत्या सुरीने खातात. वास तीव्र असतो. पहिल्या घासावर मत बनवू नये.

पिण्याचे पाणी विकत असते, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. बिल आपण देत असाल, तर पाच-दहा टक्के वाढवून होणारी रक्कम पैसे देतानाच तोंडी सांगावी, टेबलावर ठेवून उठू नये.

प्रश्न: मुलगी दुबईत असते. तिला शेंगा चटणी, काळा मसाला आणि सुके खोबरे न्यायचे आहे. विमानतळावर अडचण येईल का?

उत्तर: चटणी खुशाल न्यावी, पण सीलबंद करून चेक-इन सामानात ठेवावी. मुलीच्या शेजाऱ्यांना देताना त्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगण्यास तिला बजावावे, कारण दाण्यांची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असल्यामुळे ते ज्वलनशील मानतात आणि विमानाच्या सामानात घेऊ देत नाहीत. ते तिकडेच विकत घ्यावे. खरी काळजी मसाल्याची आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी असून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि घरगुती काळ्या मसाल्यात अनेक जण खसखस घालतात. मसाला कांडून घेण्यापूर्वीच ती वगळावी, आणि कांडप यंत्रात आधीच्या गिऱ्हाईकाचा मसाला उरलेला नाही हेही उभे राहून पाहावे. बाजारचा मसाला घेतला, तर पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय तो पिशवीत टाकू नये.