टँकचं पाणी पुन्हा पुन्हा हिरवं होतंय: सगळं पाणी बदलणं आधी थांबवा

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: भुसावळ, दोन फुटी टँक (24×12×12 इंच), चार गोल्डफिश, टँक हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळ. दोनदा सगळं पाणी काढलं, गोटे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला, तरी चार दिवसांत पाणी परत हिरवंगार. भाऊ, धुण्यात तुम्ही कमी पडलेला नाहीत, उलट जास्तच धुतलंय.

आधी खात्री करा. टँकमधलं ग्लासभर पाणी काढून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी गाळ खाली बसून वर नितळ दिसलं तर तो नुसता कचरा, फिल्टर सुधारला की जाईल. तसंच हिरवं राहिलं तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. त्याची पेशी काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, म्हणून स्पंजमधून आरपार जाते. मोठा फिल्टर घेऊन ते अडकणार नाही.

पाणी बदलून का सुटत नाही? थोड्या पेशी काचेला, गोट्यांना, पाइपात राहतातच आणि ऊन-खत मिळालं की भराभर दुप्पट होतात. नितळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचतो, म्हणजे त्यांची सोयच. आणि मुख्य गोष्ट, माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजवर आणि गोट्यांवर राहतात. क्लोरीनच्या नळाखाली ते धुऊन टाकले की अमोनिया वाढतो, आणि शेवाळाला तोच आधी लागतो.

आता काम. या टँकमध्ये गोटे आणि वरची मोकळी जागा सोडून 45-50 लिटर पाणी धरा. पहिल्या दिवशी 20 लिटर बदला. काच आतून पुसा. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा दाबून घ्या, साबण नाही, नळ नाही. दिवा बंद. मग टँक चारही बाजूंनी झाका. सावदा-रावेरकडचे केळी भरायचे पुठ्ठ्याचे खोके उत्तम, फक्त हात घालायची भोकं आणि फटी चिकटपट्टीने बंद करा. गोधडी टाकू नका, या दिवसांत पाणी तापेल आणि हवाही कोंडेल. वरून पुठ्ठा सैल ठेवा, मागून हवा खेळू द्या. सलग चार दिवस पूर्ण अंधार, खाणं बंद. मोठे, धडधाकट गोल्डफिश तेवढं सहज काढतात. मधे मधे उघडून उजेड देऊ नका, मासे बघायचे तर रात्री खोलीतला दिवा बंद करून क्षणभर.

एअर पंप मात्र चोवीस तास हवा, इथे हयगय नको. अंधारात शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट घेतं, आणि मेल्यावर कुजतानाही ऑक्सिजन जातो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 ला 7 च्या आत. पारा 44-45 ला असताना हे अंतर जीवघेणं ठरतं. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप आधी आणून ठेवा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर झाकण लगेच काढा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला.

पाचव्या दिवशी उघडलं की 20-25 लिटर बदला. मेलेल्या शेवाळातून अमोनिया सुटतो, म्हणून दोन दिवसांनी आणखी 10-12 लिटर. थोडी धुसर छटा उरली तर फिल्टरमध्ये पांढरा फिल्टर कापूस भरा आणि काळपट झाला की फेका.

बदलायचं पाणी कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. नळाचं पाणी ड्रममध्ये एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा दगड) लावून 24 तास ठेवा किंवा क्लोरीन घालवणारं औषध बाटलीवरच्या मापाने टाका. ड्रम सावलीत आणि झाकलेला हवा. उन्हातल्या उघड्या ड्रमचं पाणी स्वतःच हिरवट होतं, म्हणजे तुम्ही टँकमध्ये शेवाळाचं विरजण ओतताय. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी तर चटका बसेल इतकं तापतं, पहाटेचं घ्या. बोअरचं वापरत असाल तर आधी नायट्रेटची टेस्ट करा. शेताजवळच्या बोअरला खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. बोअरच्याच पाण्यात ते 40 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर आलं तर त्या पाण्याने बदल करून काही साधणार नाही, निम्मं आरओचं मिसळा.

यूव्ही, म्हणजे शेवाळ मारणारा अतिनील किरणांचा दिवा, लावायचा का? लावा, अंधाराला कंटाळला असाल तर तोच सर्वात खात्रीचा. या टँकला बंद नळीतला 5-7 वॅटचा पुरतो, पाणी सावकाश वाहू द्या, चोवीस तास चालवा, आठवड्याच्या आत फरक दिसतो. पण खोक्यावर यूव्ही-सी, 254 नॅनोमीटर लिहिलंय का ते बघा. निळा एलईडी 'यूव्ही' म्हणून गळ्यात मारतात, त्याने फक्त टँक निळा दिसतो. खरी नळी उघडी पेटवून बघू नका, डोळ्यांना इजा होते.

तुरटी फिरवू नका. गठ्ठे होऊन शेवाळ तळाला बसतं खरं, पण तिथेच कुजतं, आणि पाण्याचा पीएचही (आम्ल-अल्कपणाचा आकडा) उतरतो. तांब्याची शेवाळनाशकं गोगलगायी आणि झिंगे मारतात. मीठ टाकून हिरवेपणा जात नाही.

परत होऊ नये म्हणून पहिलं काम, टँक खिडकीपासून हलवा. जागा नसेल तर मागच्या काचेला काळा कागद आणि खिडकीला शेडनेट. दिवा टायमरवर रोज 6 तास. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला 12-15 लिटर बदल. कूलर-पंख्याने पाणी आटतं तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून आटलेली भर आरओच्या पाण्याने करा.

आणि चार गोल्डफिशना 50 लिटर फारच थोडे. आपल्याकडचं पाणी कठीण असतं. त्याचा पीएच 8 च्या आसपास असेल तर 25 अंशांपेक्षा 35 ला अमोनियाचा विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. दोन मासे कुणाला तरी द्या, नाहीतर 150-200 लिटरचा टँक बघा.

जाता जाता: झाकण्याआधी दोन बाटल्या हिरवं पाणी बाजूला काढून ठेवा. डॅफ्निया (हिरव्या पाण्यावर वाढणारे, माशांना खाऊ घालायचे बारीक जीव) वाढवणारं कुणी ओळखीचं असेल तर आनंदाने नेईल.