जवळपास शोरूम नाही, मग बाईकची रोजची देखभाल स्वतः कशी शिकायची?

सर, तुम्ही लिहिलंय की मोलगीच्या वरच्या अंगाला पाड्यावरच्या शाळेत बदली झालीय, नवीन १०० सीसीची गाडी घेतलीय, शोरूम पार खाली, देवगोईचा घाट उतरून जायचं म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस जातो, तर बेसिक मेंटेनन्स कुठून शिकायचा, नुसते व्हिडिओ बघून जमेल का, आणि घरात काय सामान ठेवायचं. मी तळोद्याचा, सोलर पंप बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, अक्कलकुवा-धडगावचे पाडे बारा महिने गाडीवरच फिरतो, तर मी जे करतो तेच सांगतो.

आधी वॉरंटीचं बोलून घेऊ. नवीन गाडीच्या फ्री सर्व्हिस सोडू नका, त्या किलोमीटर किंवा दिवस जे आधी भरेल त्याच्यावर असतात, आणि मधली एखादी चुकली की पुढे वॉरंटीत काही मागायला गेलं की आधी तेच बोट दाखवतात. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीला तसंही खाली उतरणारच ना, तेव्हा जोडून घ्या, पुस्तकात शिक्का मारून घ्या. मधल्या काळात तुम्ही घरी चेन, ब्रेक, हवा, केबल बघितली तर त्याला कोणी काही म्हणत नाही.

आता शिकायचं कसं. माझं स्पष्ट मत आहे की व्हिडिओवर एकट्याने शिकू नका. व्हिडिओत कोणता बोल्ट कुठंय ते कळतं, पण किती आवळायचा ते हाताला कळत नाही, आणि घरी काम करणाऱ्यांचं नुकसान बहुतेक तिथंच होतं. इंजिनाचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडाचा, ऑईलचा ड्रेन बोल्ट (जुनं ऑईल सोडायचा खालचा बोल्ट) जोर लावून आवळला की आटे जातात, मग नवीन आटे पाडून घ्यायला गाडी टेम्पोत टाकून खाली न्यावी लागते. म्हणून बाजाराचा दिवस सोडून (त्या दिवशी गॅरेजवाल्याला पाणी प्यायला फुरसत नसते) मोलगीत नाहीतर धडगावात एखाद्या जुन्या मेकॅनिककडे जा, मजुरी पूर्ण द्या वर चहा सांगा, आणि म्हणा भाऊ आज पाना माझ्या हातात राहू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसून सांगा. आमच्याकडचे मेकॅनिक लोक असं विचारलं की मनापासून शिकवतात, कोणी नाही म्हणालेलं मी पाहिलं नाही. त्याच्यासमोर एकदा ऑईल बदला, एकदा चेन ताणा, एकदा मागचं चाक काढून बसवा, बस. व्हिडिओ जरूर बघा, पण तुमच्याच मॉडेलचा आणि सालाचा, आणि वर पाड्यावर नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून खालीच डाउनलोड करून न्या. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकाच्या ऑईल, हवा, चेन, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) अशा आकड्यांच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. ते पुस्तक कोणी उघडत नाही आणि निम्मी उत्तरं त्यातच असतात.

इंजिन ऑईल. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावायची, तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग ऑईल मोजायची पट्टी काढून कोरडी पुसून परत घालून बघायची. इथं एक बारकी गोष्ट आहे, हिरो-होंडाच्या बऱ्याच गाड्यांना पट्टी नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून आत बसवायची नसते, बसवली की ऑईल आहे त्याच्यापेक्षा जास्त दिसतं आणि कमी असून माणूस निवांत राहतो. तुमच्या गाडीला कसं ते पुस्तकात असतं, काही गाड्यांना पट्टीच नसते, काचेची खिडकी असते. ऑईल घेताना ग्रेड पुस्तकातलाच, १०डब्ल्यू-३० असेल तर तोच, आणि डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं पाहिजे, ते ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असतं. आपल्या गाडीचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑईल टाकलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या केमिकलनी क्लच घसरायला लागू शकतो, आणि जासो एमबी हे ड्राय क्लचच्या, म्हणजे क्लच ऑईलमध्ये नसतो अशा स्कूटरांसाठी, ते पण नको. कंपनी बदलायचे जे किलोमीटर सांगते ते चांगल्या रस्त्याचे समजा, आपल्याकडे सतत पहिला-दुसरा गिअर, मागे माणूस नाहीतर पोतं, आणि उन्हाळ्यात खाली पारा ४५ ला टेकतो, म्हणून मी त्या आकड्याच्या बरंच आधी बदलतो. ड्रेन बोल्टचं वायसर प्रत्येक वेळी नवीन टाका, अगदी स्वस्त मिळतं. जळकं ऑईल ओढ्यात, विहिरीजवळ अजिबात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडचं गोळा करून नेणारे असतात. आणि ते चेनला तर मुळीच लावू नका. आमच्याकडे सर्रास लावतात, पण त्यात लोखंडाचा कीस असतो, चेन वंगण समजून तोच कीस खाते.

चेनवर जरा थांबतो कारण डोंगरात सगळ्यात आधी तीच जाते, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना चेन कव्हरच्या आत असते म्हणून दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही. खालच्या बाजूला रबराचं छोटं बूच असतं, ते काढा, गाडी डबल स्टँडला, न्यूट्रलमध्ये, आणि बोटाने चेन खालीवर हलवा, साधारण २५ ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे, नक्की आकडा पुस्तकातला घ्या. चाक थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी बघा, चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, जिथं सगळ्यात टाईट लागेल तिथं माप धरायचं. मग ॲक्सलचा नट सैल करायचा, स्प्लिट पिन असेल तर आधी ती, आणि दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखे सारखे फिरवायचे, स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) खुणा असतात, डावी-उजवी खूण एकाच रेघेवर पाहिजे नाहीतर चाक वाकडं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. हे झालं की लोक नट आवळून गाडी काढतात, पण थांबा. चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्याच्यासोबत मागच्या ड्रम ब्रेकची सळई ओढली जाते आणि ब्रेक आपोआप टाईट होतो. तसंच चालवलं तर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं आणि घाटात ऐन वेळी ब्रेकमध्ये दम राहत नाही. म्हणून चेननंतर मागचा ब्रेक परत सेट करायचाच, चाक हाताने फिरवून बघायचं मोकळं फिरतं का, आणि ब्रेक लाईट वेळेवर लागते का तेही.

चेन साफ करायला आता रॉकेल मिळत नाही, थोडं डिझेल आणि जुना ब्रश चालतो, पण ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर त्या रिंगांना चालेल असाच क्लिनर घ्या. मग कोरड्या फडक्याने पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल थेंब थेंब आतल्या बाजूने, जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ तिलाच चिकटते. हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवून. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेनला फडकं लावणारे मी बघितलेत, फडकं अडकलं की बोट आत जातं आणि तुकडाच पडतो, ते कधीच करू नका, घाई असली तरी. चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप काढलीत तर बसवताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला. आणि मागच्या चक्राचे दात एका बाजूला झुकलेले दिसायला लागले की नुसती चेन बदलू नका, पूर्ण सेट बदला, जुन्या चक्रावर नवीन चेन लवकर खराब होते.

ब्रेक. ड्रम ब्रेकच्या प्लेटवर एक बाण आणि एक खूण असते, ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला लागला की लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे) संपले, मग पुढे पाना फिरवून ॲडजस्ट करत बसायचं नाही, बदलायचे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या आतल्या नवीन गाड्यांना कॉम्बी ब्रेक आलाय, मागचा पेडल दाबला की पुढचा पण थोडा लागतो, तुमचीही तशीच असणार, म्हणून मागचा सेट करताना पुस्तकात त्या केबलचं काय दिलंय ते एकदा वाचा. देवगोईचा घाट असो नाहीतर चांदसैलीचा, उतरताना गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून सोडायची नाही. पेट्रोल वाचवायला बरेच जण तसं करतात, पण मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम तापला की दाबूनही पकडत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

एअर फिल्टर मात्र ओळखून घ्या. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवून, पुस्तकात सांगितलं असेल तर हलकं ऑईल लावून परत बसवता येतो. कागदाचा तेलकट असेल तर धुवायचा नाही, हवा पण मारायची नाही, सरळ नवीन. कापसाच्या नाहीतर मळणीच्या दिवसांत धुळीने लवकर भरतो, गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते.

प्लग थंड इंजिनवर काढायचा, बसवताना पहिले आटे बोटानेच फिरवायचे, तिरका गेला तर हेडचे आटे जातात. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन खुशाल आहे, कोरडं काळं काजळीचं असेल तर आधी फिल्टर बघा, ओलं तेलकट असेल तर इंजिन ऑईल खातंय, मेकॅनिकला दाखवा. टायरच्या हवेचा आकडा पुस्तकात असतो, एकट्यासाठी वेगळा आणि मागे माणूस असेल तर वेगळा, हवा सकाळी थंड टायरवर बघायची, पायपंप आणि छोटा गेज घरी ठेवला की कोणाकडे जावं लागत नाही.

पेट्रोलचं एक. वर दुकानांत बाटलीत मिळतं, अडीअडचणीला ठीक आहे, पण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं, पावसाळ्यात उघड्या कॅनमध्ये पडून राहिलेलं पेट्रोल गाडीत टाकू नका. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस ६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, पेट्रोल पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी पार तळाला जाऊ देऊ नका. मीटरवर इंजिनचं पिवळं चिन्ह पेटलेलंच राहिलं आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरून जाऊ नका, पण हळू चालवत पुढच्या फेरीत शोरूमला स्कॅनर लावून घ्या, कोणालाही कनेक्टर काढून तपासू देऊ नका. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं फ्लुइड, इंजिन उघडणं, शॉकॲब, चाकाची बेअरिंग, हे घरी करू नका. टॅपेट पण नको, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) धरून मेकॅनिककडे बऱ्याच वेळा केल्याशिवाय त्यात हात घालू नये. आवाज येतोय म्हणून टॅपेट पार टाईट करून गाडी गप्प करणारे असतात, त्याने व्हॉल्व्ह जळतो, थोडा टकटक आवाज चांगला.

सामान. सीटखालच्या पान्यांवर विसंबू नका, ८ ते १७ नंबरचे चांगले रिंग पाने नंदुरबारला नाहीतर धुळ्याला गेलात की घ्या, आणि मागच्या ॲक्सलच्या नटाला कोणता बसतो तो मोजून वेगळा. ॲडजस्टेबल पाना घेऊ नका, नटाचे कोपरे गोल करतो. प्लग पाना, पक्कड, दोन टायर लिव्हर, पंक्चर किट (ट्यूबवाली असेल तर एक ट्यूब पण, ट्यूबलेस असेल तर दोऱ्या), त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, फ्यूजच्या जागी तार किंवा चमकी कागद लावायचा नाही, वायरिंग जळतं. एक प्लग, एक चेन लॉक, ड्रेन बोल्टचे वायसर, थोडी इन्सुलेशन टेप, बांधायची तार. क्लच केबल आणि ॲक्सिलेटर केबल नवीन आणून जुनीच्या शेजारून त्याच वाटेने टेपने बांधून ठेवा, टोकं पिशवीत गुंडाळून. केबल तुटायच्या आधी लिव्हरजवळ तिच्या एकेक तारा सुटायला लागतात, महिन्यातून एकदा रबर सरकवून बघा, दोन तारा जरी उभ्या राहिलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी बदला. बांधून ठेवलेली असेल तर दोन टोकं जोडायचं काम उरतं, घाटात रस्त्याच्या कडेला पण होतं.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल इथं लिहिलंत तर पट्टी कशी बघायची आणि फिल्टर कोणता ते नेमकं सांगता येईल.