सासरचे खापरपणजोबा बर्मिंगहॅममध्ये चित्रकार होते की कारागीर, हे कसे शोधावे?

आपल्या सासरी एक पूर्वज १८६० च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये चित्रकार होते असे सांगितले जाते, पण जनगणनेत ते ‘जपानर’ म्हणून सापडतात. तेव्हा यातले खरे काय, आणि पुढे शोध कोठे घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. हा प्रश्न वाचून मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण नेमका हाच वाद माझ्या सासरी चार वर्षे चालला आणि त्यात मी एका बाजूला व बाकी सगळे दुसऱ्या बाजूला होते.

माझे मत प्रथमच सांगते. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या असू शकतात आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. बर्मिंगहॅममध्ये त्या काळी जपानिंगचा मोठा धंदा होता. पत्र्याच्या किंवा कागदाचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या तबकांवर काळे रोगण चढवायचे, ते भट्टीत तापवून पक्के करायचे, घासून चकाकी आणायची आणि मग त्यावर फुले, पक्षी, देखावे रंगवायचे, असे हे काम होते. कागदाच्या थरांच्या पद्धतीचे पेटंट हेन्री क्ले यांनी १७७२ मध्ये घेतले होते आणि शिंपल्याचे तुकडे बसवून केलेल्या सजावटीचे पेटंट जेनन्स अँड बेट्रिज या कारखान्याने १८२५ मध्ये घेतले. तबकावर गुलाब रंगवणाऱ्या माणसाला शेजारी जपानर म्हणत असतील आणि तो स्वतःला चित्रकार म्हणवीत असेल, तर त्यात खोटे काहीच नाही. जनगणनेचा कागद घरातल्या कर्त्या माणसाने भरायचा आणि गणकाने तो वहीत उतरवून घ्यायचा अशी रीत असल्यामुळे व्यवसायाच्या रकान्यात बहुधा त्या घराने स्वतःविषयी सांगितलेलेच आपल्याला वाचायला मिळते.

माझ्या यजमानांच्या घरी असेच एक लंबगोल काळे तबक आहे. माझ्या आत्तेसासूबाई, म्हणजे यजमानांच्या वडिलांची थोरली बहीण, ते रंगवणारे आपले पणजोबा प्रदर्शनांत चित्रे मांडणारे नामवंत चित्रकार होते, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. त्यांनी पूर्वी पैसे देऊन एका संशोधकाकडून वंशावळही करून घेतली होती आणि तीत त्या पूर्वजाला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन या उपनगरातल्या सुखवस्तू घरात बसवले होते. मी स्वतः कागद पाहू लागले तेव्हा मला वेगळाच माणूस दिसला. १८५१ मध्ये तो जपानर होता, १८६१ मध्ये चित्रकार, १८७१ मध्ये नुसता मजूर, आणि त्याचा मृत्यू वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याच्या सार्वजनिक आश्रयगृहात, झाला होता. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितले, तेव्हा ‘हा त्याच नावाचा दुसरा कोणीतरी आहे,’ असे म्हणून आत्तेसासूबाईंनी विषय तोडला.

त्यांचा आक्षेप मात्र योग्य होता, हे मी मान्य करते. एवढ्या मोठ्या शहरात एकाच नावाची दोन माणसे सहज असतात. म्हणून मी त्याच्या पाचही मुलांचे जन्मदाखले मागवले. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या (जनरल रजिस्टर ऑफिस) ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते आणि एकाच दांपत्याची मुले त्यावरून वेगळी काढता येतात. पाच दाखल्यांवर बापाचा व्यवसाय अनुक्रमे जपानर, तबके रंगवणारा, चित्रकार, पुन्हा चित्रकार आणि शेवटी मजूर असा लिहिलेला आहे. आई पाचही वेळा तीच असून सहीच्या जागी तिने प्रत्येक वेळी फुली केली आहे. पुढे मी प्रदर्शनांचे जुने कॅटलॉग पाहिले. त्यांत चित्रकाराच्या नावासोबत त्याचा पत्ता असतो, आणि प्रदर्शनात चित्रे मांडणारा तो गृहस्थ एजबॅस्टनचाच निघाला. १८६१ च्या जनगणनेच्या रात्री तो तेथे आपल्या घरी अविवाहित म्हणून नोंदलेला आहे आणि त्याच रात्री आमचा माणूस शहराच्या दाट वस्तीतल्या एका कोर्टात, म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या सामाईक आवारात, बायको व तीन मुलांसह नोंदलेला आहे. एक माणूस एका रात्री दोन घरी झोपत नाही. येथे तो वाद संपायला हवा होता.

पण आत्तेसासूबाई म्हणाल्या, “म्हणजे तो चित्रकार नव्हताच.” हे मला सहन झाले नाही आणि आजही होत नाही. मी पुण्याच्या तांबट आळीतली. माझे आजोबा पहाटेपासून तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडाई, करीत, आणि भाव करताना लोक त्यांना तांबट म्हणत, छायाचित्र काढताना कलाकार म्हणत. त्या तबकावरच्या गुलाबाची पाकळी ज्याने एका फटकाऱ्यात वळवली आहे, त्याच्याजवळ कला होती. त्याचा धंदा का बुडाला, हेही पाहावे. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट याच शहरात घेतले, पुढे बाजारात मुलाम्याची भांडी आली, रंगवलेली तबके मागे पडली आणि १८६४ मध्ये जेनन्स अँड बेट्रिजसारखा कारखानाही बंद झाला. १८७१ च्या रकान्यातला ‘मजूर’ हा शब्द या घडामोडींनंतरचा आहे. आणि ज्यांना मोठे चित्रकार म्हणून आपण ओळखतो, त्यांची घरे तरी कोणती होती? डेव्हिड कॉक्स हे बर्मिंगहॅममधल्याच डेरिटेंड भागातल्या लोहाराचे चिरंजीव होते आणि एडवर्ड बर्न-जोन्स यांचे वडील चित्रांच्या चौकटी करून त्यांना सोनेरी मुलामा देत.

आपल्या शोधासाठी आणखी काही गोष्टी सांगते. व्यापारी डिरेक्टरीत नाव नाही म्हणून माणूस नव्हता असे समजू नये, कारण तीत प्रामुख्याने मालकांची नावे येत आणि रोजंदारीचे कारागीर त्यात क्वचितच सापडतात. विवाहाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या वडिलांचे व्यवसाय असतात, पण मुलगा बापाला एक पायरी वर चढवतो, तेव्हा त्यावर एकट्यावर विसंबू नये. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय आजचे बर्मिंगहॅम तेव्हा एका नोंदणी जिल्ह्यात नव्हते; ॲस्टन हा स्वतंत्र जिल्हा होता, एजबॅस्टन किंग्ज नॉर्टनमध्ये आणि हँड्सवर्थ वेस्ट ब्रॉमिचमध्ये मोडत असे, त्यामुळे नुसते ‘बर्मिंगहॅम’ शोधल्यास निम्मे कुटुंब हाती लागणार नाही. १८७५ पूर्वी जन्मनोंद न केल्याबद्दल पालकांना दंड नव्हता, म्हणून एखादे मूल नोंदीत नसेल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात.

माझा अनुभव एकाच कुटुंबाचा आणि एकाच शहराचा आहे, तेव्हा आपले पूर्वज मधूनच शेफील्डला किंवा स्टोकला गेले असतील, तर तेथील धंद्यांची नावे वेगळी असतील, हे लक्षात घ्यावे. मात्र सासरच्या वंशावळीत व्यवसाय लिहिण्याची वेळ येईल तेव्हा एकच शब्द निवडू नये. प्रत्येक नोंदीचे वर्ष आणि त्या वर्षीचा शब्द जसाच्या तसा लिहावा. आमच्या घरी ती यादी मी तबकाच्या मागे चिकटवली आहे, आणि आत्तेसासूबाईंनी ती अद्याप काढलेली नाही.