'पब्लिसिटी स्टंट'ला मराठी शब्द कुठला? नाम सोडा, क्रियापद धरा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस तोच डोक्यात आहे. तुम्ही १९३० च्या आसपासच्या हॉलिवूडवरची एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणताय, तिच्यात नायिकेचं नाव सतत पेपरात राहावं म्हणून स्टुडिओचा प्रेस एजंट खोट्या भानगडी उभ्या करतो, आणि तुम्ही विचारलंय की 'पब्लिसिटी स्टंट'ला काय म्हणू, 'प्रसिद्धीतंत्र' केलं तर सरकारी खात्याचं पत्रक वाचल्यासारखं वाटतं, 'स्टंट' तसाच ठेवला तर अनुवाद केल्यासारखाच वाटत नाही, आणि शिवाय 'स्कँडल'ला भानगड, लफडं, प्रकरण की घोटाळा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, तुम्ही नाम शोधताय म्हणून अडलाय. इंग्रजीत हा सगळा उद्योग एका नामात कोंबलेला आहे. मराठीत तो क्रियापदांमध्ये पसरलाय आणि तिथे तो इतका नेमका आहे की मला तर ही आपल्या भाषेची श्रीमंती वाटते. बघा ना, वावड्या उठवतात, कंड्या पिकवतात, डांगोरा पिटतात, बनाव रचतात, हूल देतात, बातमी पेरतात, हवा करतात. ह्यातलं एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसत नाही, 'वावडी पिकवली' किंवा 'कंडी पिटली' म्हणून बघा, लगेच कानाला खटकतं. वावडी म्हणजे मोठा पतंग, तो वर जातो आणि सगळ्या गावाला दिसतो पण दोरी कुणाच्या हातात आहे ते लांबून दिसत नाही, म्हणून ती 'उठवायची'. कंडी मात्र पिकते, म्हणजे तिला थोडा वेळ लागतो, कानोकानी फिरून ती तयार होते. आणि पेपरवाल्यांच्या बोलण्यात 'पेरलेली बातमी' असतेच. पेरणं आणि पिकणं, दोन्ही शेतातले शब्द, मधल्या काळात काय होतं ते सांगायलाच नको.

पण तुमच्या कादंबरीसाठी ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक अक्षर आहे, 'व'. घडणं आणि घडवणं. आपण म्हणतो 'काहीतरी घडलं' आणि 'कुणीतरी घडवलं', आणि त्याच्याही पुढे 'घडवून आणलं', ज्यात करणारा स्वतः मागेच राहतो आणि दुसऱ्यांच्या हातून काम होतं. तसंच 'छापून आलं' आणि 'छापून आणलं'. प्रेस एजंटचा अख्खा धंदा म्हणजे आणलेलं ते आलेलं वाटायला लावणं. आमची आजी म्हणायची 'बोभाटा करू नको', आणि दुसऱ्या कुणाचं काही कळलं की म्हणायची 'सगळीकडे बोभाटा झाला', मला तेव्हा ते एकच वाटायचं पण बोभाटा होणं आणि बोभाटा करणं ह्यातच तुमच्या कादंबरीचं कथानक आहे, बोभाटा केलेला असतो आणि लोकांना तो झालेला वाटतो.

आता 'बनाव' बद्दल, कारण बहुतेक जण तुम्हाला हाच शब्द सुचवतील आणि तो चांगला आहेच. आज आपल्याला तो पोलिसांच्या बातम्यांमधून माहीत आहे, अपघाताचा बनाव, लुटीचा बनाव, आत्महत्येचा बनाव. पण जुन्या मराठीत बनाव म्हणजे नुसती घटना, जे बनलं ते, 'असा बनाव बनला' असं लिहीत आणि त्यात खोटं काही नसायचं. गुजरातीत अजूनही बनाव म्हणजे घटनाच. म्हणजे हा शब्द स्वतःच आपल्याकडे 'घडलेलं' पासून 'घडवलेलं' पर्यंत चालत आलाय! मला हे फार सुंदर वाटतं. पण म्हणूनच एक सावधगिरी, आजच्या वाचकाने 'बनाव' वाचलं की खेळ संपला, त्याला कळलं की हे खोटं आहे. १९३३ चा 'बॉम्बशेल' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आहे, तुमच्या कादंबरीच्या जातीचाच, जीन हार्लो त्यात लोला बर्न्स नावाची नटी आहे आणि स्पेस हॅनलन हा स्टुडिओचा प्रसिद्धीवाला तिच्यामागे एकेक लचांड लावून देत असतो. ती कंटाळून पळून जाते, तिथे तिला एक खानदानी श्रीमंत तरुण भेटतो, त्याचे आईवडील भेटतात, आणि शेवटी कळतं की ते तिघेही हॅनलनने भाड्याने आणलेले नट होते. अशा कथेत शेवटापर्यंत 'भेटला', 'झालं', 'जुळलं' अशीच क्रियापदं हवीत, आणि गुपित फुटल्यावर मग एकदम 'भेट घडवून आणली होती'. बनाव हा शब्द त्या पानाच्या आधी कुठेही येऊ देऊ नका, निवेदकाच्या तोंडी तर नाहीच.

खोटं नेमकं कशात आहे हे बघूनही शब्द बदलतो. घटना खोटी असेल तर बनाव. बातमीच खोटी असेल, म्हणजे काही घडवायचीही तसदी घेतली नाही, तर आवई. ह्याचं माझं लाडकं उदाहरण १९१० चं आहे आणि ते खरंखुरं आहे. फ्लॉरेन्स लॉरेन्स नावाची नटी, बायोग्राफ कंपनी तेव्हा नटांची नावं जाहीर करत नसे म्हणून लोक तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणूनच ओळखायचे. कार्ल लेमली ह्या सिनेनिर्मात्याने तिला स्वतःच्या कंपनीत ओढली, आणि मग बातमी आली की ती ट्रामच्या अपघातात मेली. त्यानंतर लेमलीच्या कंपनीने जाहिरात दिली की ही थाप आहे, आमच्या शत्रूंनी उठवलीय, बाई ठणठणीत आहेत, आणि पुढे सेंट लुईसला तिला लोकांसमोर उभी केली तर बघायला तुफान गर्दी. मरणाची आवई लेमलीनेच उठवली असं मानलं जातं. इथे 'स्टंट' शब्द किती उणा पडतो बघा, आणि मराठीत सरळ लिहिता येतं, 'त्यानेच आवई उठवली आणि त्यानेच कांगावा केला'. कांगावा ह्या शब्दाला तर तोड नाही, स्वतः करून वर आपल्यावरच अन्याय झाला म्हणून आधी ओरडायचं, एवढं सगळं एका शब्दात बसलंय.

मग 'स्टंट' टाकूनच द्यायचा का? अजिबात नाही. हा शब्द इंग्रजीतही फार जुना नाही, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेळाडूंच्या आणि कॉलेजच्या बोलीतून तो वर आला, करामत ह्या अर्थाने. आपल्याकडे तो मुख्यतः सिनेमातून रुळला, १९३५ मध्ये वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला, त्यातल्या नादिया ह्या नटीच्या मारामारीच्या सिनेमांना स्टंटपट म्हणायचे, तेव्हा आपल्या स्टंटला पहिल्यापासून शरीराचा वास आहे, उडी, घोडा, चालती ट्रेन. त्यामुळे जिथे डोळ्यांना दिसणारी, अंगावर काटा आणणारी करामत असेल तिथे स्टंट चपखल बसतो. हॅरी रायकेनबाख नावाच्या प्रेस एजंटने १९२० मध्ये टारझनच्या सिनेमासाठी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात 'टी. आर. झॅन' नावाने पाहुणा उतरवला, त्याच्याबरोबर पियानोचं म्हणून एक मोठं खोकं वर चढवलं, आणि त्या पाहुण्याने कच्च्या मांसाची ऑर्डर दिली तेव्हा कळलं की खोक्यात सिंह आहे. ह्याला मी बिनदिक्कत स्टंट म्हणेन, दुसरं काही म्हटलं तर त्यातली मजा जाते.

'स्टंटबाजी' मात्र वेगळी. 'बाजी' लागलं की बोलणाऱ्याचा राग आणि तुच्छता आत आली, म्हणून तो शब्द पात्रांच्या तोंडी द्या, भांडणात, निवेदनात नको. 'चमकोगिरी' तर तुमच्या कादंबरीत आणूच नका, शब्द मला आवडतो पण त्याला आपल्या फ्लेक्सचा, फोटोत पुढे घुसणाऱ्या कार्यकर्त्याचा रंग आहे, १९३० च्या कॅलिफोर्नियात तो उपरा वाटेल. आणि चमकोगिरी माणूस स्वतःसाठी करतो, तुमची नायिका तर बिचारी दुसऱ्याने चमकवलेली आहे.

घटना खरी असते पण तिला मुद्दाम लांबवतात, असाही एक प्रकार आहे. बिली वाइल्डरच्या १९५१ च्या 'एस इन द होल' मध्ये एक माणूस गुहेत अडकतो, गुहेला आतून टेकू देत देत त्याला लवकर काढता आलं असतं, पण पत्रकार टेटम शेरीफला हाताशी धरून वरून डोंगराला भोक पाडायला लावतो कारण त्याला जास्त दिवस लागतील आणि तेवढे दिवस बातमी चालेल. बाहेर जत्रा भरते, आत माणूस मरतो. ह्याला बनाव म्हणता येत नाही, स्टंट तर नाहीच. आपल्याकडे ह्याला 'चिघळवणं' आहे. जखम चिघळते, संप चिघळतो, प्रकरण चिघळतं, आणि इथे ते चिघळत ठेवलं. परत तोच 'व'.

आणि मराठीत ह्या विषयावर लिहिताना तेंडुलकरांचं 'कमला' आठवल्याशिवाय राहत नाही. १९८१ मध्ये दिल्लीच्या एका पत्रकाराने बायकांची विक्री होते हे सिद्ध करायला खरोखर एक बाई विकत घेतली होती, त्या घटनेवरून ते नाटक सुचलं. नाटकातला जयसिंग जाधव कमलाला अडीचशे रुपयांना विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. इथे खोटं काहीच नाही, बाजार खरा, विक्री खरी, बाई खरी. तरी वाचताना पोटात कालवतं, कारण 'बाजार मांडला' हा आपला वाक्प्रचार तिथे दोनदा लागू पडतो, एकदा ज्यांनी तिला विकलं त्यांना आणि एकदा ज्याने तिला मांडलं त्याला. तुमच्या कादंबरीत नायिकेचं खरं दुःख, म्हणजे तिचं मूल गेलं वगैरे, पेपरात वापरलं जात असेल तर तिथे प्रसिद्धी, स्टंट हे काही नको, तिथे 'त्यांनी तिच्या दुःखाचा बाजार मांडला' एवढंच लिहा.

स्कँडलचं थोडक्यात सांगतो. घोटाळा पैशांचा, तो बाजूला ठेवा. प्रकरण हा पेपरचा शब्द, मोघम, मथळ्यांसाठी उत्तम. लफडं बोलण्यात चालेल पण जरा हलकं. नटीच्या बाबतीत भानगड, कारण त्यात संबंधांची कुजबुज आणि गुंतागुंत दोन्ही आहे. आणि कादंबरीत एखादं वयस्कर, धार्मिक पात्र असेल तर त्याच्या तोंडी 'लोकापवाद' शोभेल, सीतेच्या गोष्टीमुळे तो शब्द मराठी वाचकाला लगेच लागतो, आणि बाईची काही चूक नसतानाही तिला भोगावं लागतं हा अर्थ न सांगता येतो.

'प्रसिद्धी' हा शब्दही पूर्ण टाकू नका. मराठीत 'प्रसिद्ध होणं' म्हणजे छापून येणंही आणि नावाजलं जाणंही, पुस्तक प्रसिद्ध होतं आणि माणूसही. तुमचा प्रेस एजंट जर कुठे आपला धंदा समजावून सांगत असेल तर ह्या दोन अर्थांवर त्याला खुशाल खेळू द्या, मूळ इंग्रजीत ती सोय नसेल पण अनुवादात अशी एखादी जागा आपली भाषा देते तेव्हा घ्यावी.

तुम्ही जे वाक्य पाठवलंय, तिला कळतं की हा सगळा पब्लिसिटी स्टंट होता, ते मी असं करेन: 'तिच्या लक्षात आलं, यातलं काहीच घडलं नव्हतं, सगळं घडवून आणलेलं होतं.' आणि पुढच्या ओळीत ती त्याच्या अंगावर धावून जाते ना, तिथे मात्र तिच्या तोंडी 'ही तुझी स्टंटबाजी बंद कर!' असू द्या.