शिळा झालेले वऱ्हाड

प्रश्न : मी ब्रिस्टलमध्ये राहते आणि मराठीत एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. जवळच्या स्टँटन ड्रू गावातील प्राचीन उभ्या शिळा पाहिल्यापासून कथानक त्यांच्याभोवतीच फिरू लागले आहे. तेथील दंतकथा घेतली तर उसनवारी ठरेल आणि टाळली तर शिळा निर्जीव वाटतील, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : इतर वाचकांसाठी ती दंतकथा आधी थोडक्यात सांगतो. शनिवारी लागलेल्या एका लग्नातील नाच मध्यरात्रीपर्यंत रंगला आणि प्रार्थनेचा रविवार उजाडला म्हणून वादकाने वाद्य खाली ठेवले, तेव्हा ‘नरकातून आणावा लागला तरी वादक आणीन’ असे नवरी रागाच्या भरात बोलून गेली. तेवढ्यात एक अनोळखी म्हातारा आला, वाजवू लागला, सुरांची गती वाढत गेली, थांबू म्हणणाऱ्यांचेही पाय थांबेनात. आणि सकाळी वऱ्हाडाच्या जागी शेतात नुसते दगड उभे होते. गावातील पबच्या बागेत तीन मोठ्या शिळा आहेत. दोन उभ्या, त्या नवरा-नवरी. तिसरी आडवी, ती मद्य जास्त झालेल्या धर्मगुरूची!

आता आपल्या शहापूरजवळच्या माहुली गडाचे सुळके आठवा. त्यांची नावे नवरा, नवरी आणि भटोबा. ते सुळके निसर्गाने घडवलेले आहेत, तर स्टँटन ड्रूच्या शिळा माणसांनी उभारलेल्या. तरीही दोन्हीकडे लोकांना दगडात लग्नच दिसले. त्यामुळे उसनवारीची चिंता आपण सोडून द्यावी. मला खटकते ते निराळेच. या शिळा सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि रविवार मोडल्याची शिक्षा ही ख्रिस्ती कल्पना आहे, म्हणजे ही कथा शिळांहून फारच तरुण आहे. शिळा कोणी व का उभारल्या याचा विसर पडल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागेत लोकांनी ती नंतर बसवली. तुम्हालाही तशीच एखादी रिकामी जागा शोधता येईल.

ती जागा जमिनीखाली आहे. 1997 मध्ये येथे चुंबकीय सर्वेक्षण झाले, तेव्हा शिळांच्या सुमारे 113 मीटर व्यासाच्या मोठ्या वर्तुळाच्या आत खड्ड्यांची एकात एक अशी नऊ कडी आढळली. त्या खड्ड्यांत लाकडी खांब उभे असावेत, असे अभ्यासक मानतात. वऱ्हाडाची कथा रचणाऱ्यांना या खांबांच्या रानाचा पत्ताच नव्हता. तुम्हाला तो आहे. ते लाकूड कुजून गेले, दगड मागे राहिले, एवढ्यावरही एक कादंबरी उभी राहू शकते.

दंतकथेतून काही घ्यायचेच असेल तर शिक्षा घेऊ नका, नियम घ्या. या शिळा मोजू नयेत, असा तेथे समज आहे. वास्तुविशारद जॉन वुड यांनी 1740 मध्ये त्या मोजल्या आणि वादळ उठले, ते गावकऱ्यांनी त्यांच्याच माथी मारले. अहल्येच्या गोष्टीवर वाढलेला आपला वाचक शापाबरोबर उःशापही शोधणार, म्हणून नियम मोडल्यावर सुटका कशी होते, हे आधीच पक्के करून ठेवा. पहिले प्रकरण मात्र शिळांपासून सुरू करू नका; खांबासाठी खड्डा खणणाऱ्या माणसाच्या मातीने भरलेल्या हातांपासून करा.