‘दूध पुरत नाही’ हे ठरवते कोण?

‘माझे दूध बाळाला पुरत नाही’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नवमातांच्या तोंडी असते, आणि त्यांपैकी फार थोड्या जणींना खरोखरच दूध कमी असते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका बाळंतिणीची हकिगत येथे सांगते.

सिझेरियननंतर दुसऱ्या आठवड्यात ती आपल्या आईबरोबर आली. टाके घालून तिला खोलीत आणेपर्यंत काही तास उलटले होते आणि तोवर बाळाला मधाचे बोट चाटवून झाले होते. तिसऱ्या दिवसापासून पावडरचे दूध सुरू झाले. “दूध पुरत नाही हे तुम्हाला कशावरून वाटले?” असे मी तिला विचारले. उत्तर आईने दिले : “रात्रभर रडते हो पोर. बाटली दिली की लगेच झोपते.” लेक एवढेच म्हणाली, “आई म्हणते म्हणजे तसेच असेल.”

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरीही जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बालके सुमारे ४२ टक्केच आहेत. दवाखाना गाठला म्हणून पहिला तास हाती लागतोच असे नाही. सिझेरियनमध्ये भूल केवळ कमरेखालची असेल आणि दोघांची प्रकृती ठीक असेल, तर बाळाला तेथेच आईच्या छातीशी देता येते. ते आपण प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक चमचाभरच असतो, पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते. पुढे बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते, म्हणून बाटलीने भरलेले पोट आईचे दूध खरोखरच कमी करते आणि मग घराचे भाकीत खरे ठरते.

हे सारे मी त्या दोघींना सांगितले. त्यांनी माना डोलावल्या, पण पुढच्या भेटीत बाटली तशीच होती. मग मी आईलाच विचारले, “तुमच्या वेळी कसे झाले होते?”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. “सासूबाई म्हणाल्या, तुझ्या अंगावर दूध नाही. हिला गाईच्या दुधात पाणी घालून वाढवली.”

“दूध नव्हते, की पाजायला सवड नव्हती?”

“तासातासाला पोर घेऊन बसते म्हणून बोलणी खावी लागत. दूध होते हो. पदर भिजायचा.”

लेक आईकडे पाहतच राहिली. “हे तू मला कधीच सांगितले नाहीस,” एवढेच ती म्हणाली, आणि त्या दिवशी प्रथमच तिने बाळाला माझ्यासमोर, आईच्या डोळ्यांदेखत, छातीशी घेतले.

स्तनपानाचा निर्णय एकटी बाळंतीण घेत नाही, घर घेते, असे मी अनेक वर्षे मानत आले आहे. म्हणून तिला समजावण्याआधी, तिच्या वतीने उत्तरे देणाऱ्या व्यक्तीला मी बोलते करते. हा प्रश्न क्वचितच वाया गेला आहे.

त्यानंतर आजीला मी एक काम दिले. रडणे मोजायचे नाही, ओली दुपटी मोजायची. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सुरुवातीच्या दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवेळच्या वजनावर येते. तसे झाले नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांनाच दाखवावे; थायरॉईडचा विकार, वारेचा अंश आत राहणे अशा कारणांनी दूध खरोखरच कमी पडू शकते आणि तेव्हा वरचे दूध देण्यात अपराध नाही. येथे मात्र वजन तपासत बाटल्या हळूहळू कमी करता आल्या.

सासरी जाण्यापूर्वी सासूबाईंनाही घेऊन या, असे मी सुचवले. त्या आल्या आणि म्हणाल्या, “सहा महिने घुटी नाही, पाणीही नाही? एवढ्या उन्हाळ्यात?” आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते, हे मी सांगणार तोच बाळाची आजी त्यांच्याकडे वळून म्हणाली, “विहीणबाई, शू किती होते ते मी मोजते आहे. पाणी भरपूर आहे.”