ग्रामीण भागात शाळा आहेत, पुस्तकं-खिचडी फुकट आहे, तरी पोरं मागं का पडतात?

बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर चौदा वर्षं काढलीत, तेवढ्यावरून सांगतो.

शाळा लांब, ही रड आमच्याकडं आता फारशी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत ठरवून दिली आणि बहुतेक ठिकाणी ती आहेही. चार वर्गांना दोन शिक्षक, त्यातला एक मतदार याद्यांच्या कामाला, हे चालायचंच. बंजारा तांड्यावरचं पोर आईला याडी आणि भाकरीला बाटी म्हणतं, त्याला पहिलीचं पुस्तक परकं वाटतं, तेही खरं. पण वर्ग रिकामा होतो तो उसानं.

शाळा जूनला भरते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ मजुरी) घेतलेले आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एक जोडी धरतात, मग पोर कुणाजवळ ठेवायचं? तेही जातं. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळतं, पाणी भरतं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतं. परततं मार्च-एप्रिलला. वरच्या वर्गात ढकललं जातंच. चौथी झालेल्या पोराच्या पदरात खरी शाळा दोन वर्षांची.

तिसरीतली एक पोरगी अशीच मार्चात परत आली. बेरीज घातली तर गप्प. मग बोलता बोलता कळलं, फडावर, म्हणजे तोडीच्या रानात, बापाचा हिशेब तीच ठेवायची. कोपीच्या कुडावर कोळशानं रेघा ओढून गाडीच्या खेपा मोजायच्या, चार झाल्या की पाचवी आडवी. फळ्यावर तशाच रेघा काढून दिल्या तर सगळी उदाहरणं सोडवली. वाचायला मात्र अक्षर येईना.

उपाय नाहीत असं नाही. शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. कार्ड दाखवून बसलेलं पोर मला आजवर एकच भेटलं. फड सारखा हलतो, शाळा काही त्याच्यामागं हलत नाही. त्यापेक्षा हंगामी वसतिगृह बरं. नाव मोठं, पण आमच्या गावात इमारत वगैरे काही नाही. पोरं आजीकडं राहतात, दोन्ही वेळचं जेवण शाळेत. अनुदान यायला फेब्रुवारी उजाडतो, तोवर किराणावाला मला बघून तोंड फिरवतो, पण पोरं टिकतात. अट एकच, घरी धडधाकट आजी हवी. आणि पोरगी जरा मोठी झाली की तिला मागं ठेवायची आईची छाती होत नाही.

त्या रेघावाल्या पोरीची आजी यंदा 'ठेवून घेते' म्हणालीय. पण म्हातारीचे गुडघे गेलेत. दसऱ्याला बघायचं.